उभ्या गाडीतला डोळा

चौदा सेकंदांची एक क्लिप माझ्याकडे अजून आहे. वेळ रात्रीचे २ वाजून ४१ मिनिटं. काळंपांढरं, दाणेदार चित्र. एक माणूस माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी येतो, वाकतो, बॉनेटच्या आड दिसेनासा होतो, मग उठतो आणि चालू लागतो. बस, एवढंच. ही क्लिप मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि त्यानंतर जे झालं ते नीट झालं नाही. त्याकडे येतोच. पण ही क्लिप मिळवण्याच्या खटपटीत मी रात्री जागून जे वाचत गेलो, त्यातून १९१३ सालच्या लंडनमधल्या एका तुरुंगाच्या आवारात जाऊन पोचलो. तिथेही एक गाडी उभी होती आणि त्या गाडीतही एक कॅमेरा होता.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत बॅकएंडचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. मी भाडेकरू, आणि आमच्या सोसायटीत भाडेकरूंच्या गाड्यांना छताखाली जागा नाही. कंपाउंडच्या भिंतीलगत, गुलमोहराखाली लावायची. त्या जागेवरूनसुद्धा दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमालकांशी माझी एकदा चांगलीच वाजली होती. त्यामुळे एका पंधरवड्यात तीनदा, सकाळी ऑफिसला निघताना, पुढच्या डाव्या चाकातली हवा गेलेली दिसली तेव्हा माझ्या मनात संशय कुणाचा आला हे सांगायला नको. पुरावा हवा होता. इंजिनिअर माणूस, पुरावा म्हटलं की कॅमेरा.

पहिला प्रयोग जुन्या फोनचा. डॅशबोर्डवर, टिश्यू पेपरच्या डब्यामागे फोन ठेवला, पॉवर बँक लावली, हालचाल दिसली की रेकॉर्डिंग सुरू करणारं एक ॲप टाकलं. सकाळी बघतो तर काचेत फोनच्याच स्क्रीनचं प्रतिबिंब, आणि त्यामागे अंधार. फोनच्या कॅमेऱ्याला रात्री फारसं दिसत नाही, आणि मुद्दाम दिसू दिलं जात नाही असंही म्हणता येईल. त्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला इन्फ्रारेड प्रकाश दिसतो, पण दिवसाचे रंग बिघडू नयेत म्हणून त्यापुढे एक फिल्टर बसवलेला असतो. (टीव्हीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर तो फिल्टर जरा ढिला असतो आणि रिमोटचा दिवा जांभळट चमकताना दिसतो.) दुसरा प्रयोग फिल्टर नसलेला छोटा कॅमेरा आणि ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी. हे दिवे माणसाला जवळजवळ दिसत नाहीत, नीट बघितलं तर अंधारात फक्त निखाऱ्यासारखा मंद ठिपका. पण गाडीच्या आतून ते लावले की समोरच्या काचेवर आपटून सगळा प्रकाश परत कॅमेऱ्यात. प्रत्येक फ्रेमच्या मधोमध एक पांढरा चंद्र. त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा काचेला अगदी चिकटवायचा, भोवती काळ्या फोमची कड लावायची आणि आतले दिवे बंद ठेवून बाहेरच्या खांबावरच्या दिव्यावर भागवायचं. काचांना काळी फिल्म लावून त्यामागे लपायचा मार्ग बंदच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तशी फिल्म लावायला मनाई केलेली आहे.

शेवटी सरळ एक डॅशकॅम घेतला. पार्किंग मोडवाला. फ्यूज बॉक्समधून वायर काढून घेतली आणि बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेली की कॅमेरा आपोआप बंद होईल अशी सोय केली. पहिल्या रात्री दोनशेच्या वर क्लिपा. त्यातल्या बहुतेक गुलमोहराच्या सावलीच्या, काही कुत्र्यांच्या, आणि एक पावणेचारला दूध घेऊन येणाऱ्या टेम्पोच्या दिव्यांची. संवेदनशीलता कमी करत नेली. सहाव्या रात्री तो वाकणारा माणूस सापडला.

ह्या सगळ्या काळात मला एक साधा प्रश्न पडला होता: हे असं उभ्या गाडीतून लपून फोटो काढायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? हेरगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बहिर्जी नाईक येतात. वेषांतर, फकीर, गोंधळी. तिथे हेर स्वतः लोकांच्यात मिसळलेला असतो. गाडीचं गणित उलटं आहे. रस्त्यावर नुसता उभा राहिलेला माणूस पाच मिनिटांत लोकांच्या नजरेत भरतो. उभ्या गाडीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

*

ब्रिटनमध्ये कैद्यांचे फोटो काढून ठेवायची पद्धत १८७१ च्या कायद्याने सार्वत्रिक झाली. कैदी खुर्चीत बसायचा, कॅमेऱ्याकडे बघायचा, फोटो निघायचा. हा सगळा मामला कैदी गप्प बसेल ह्या भरवशावर चाललेला. बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लढणाऱ्या सफ्रजेट तुरुंगात यायला लागल्या आणि तो भरवसा संपला. त्या गप्प बसेनात. कॅमेरा समोर आला की डोळे मिटायच्या, तोंड वेडंवाकडं करायच्या, मान फिरवायच्या. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर एवढंही पुरेसं होतं. हललेल्या चेहऱ्याचा फोटो ओळख पटवायला काही कामाचा नाही.

आणि ओळख पटवण्याची गरज तर रोज वाढत होती. १९०९ पासून ह्या बायका तुरुंगात उपोषण करायला लागल्या होत्या. सरकार त्यांच्या नाकातोंडातून नळी घालून जबरदस्तीने अन्न ढकलायचं, त्यावरून देशभर संताप. मग एप्रिल १९१३ मध्ये सरकारने एक कायदा केला, ज्याला लोकांनीच ‘मांजर-उंदीर कायदा’ म्हणायला सुरुवात केली: उपोषणाने कैदी खंगली की तिला सोडून द्यायचं, आणि बाहेर जाऊन बरी झाली की परत पकडायचं. कागदावर हुशार योजना. पण परत पकडायचं तर ती ओळखू यायला हवी. आणि सुटलेली बाई काही घरी बसून पोलिसांची वाट बघत नव्हती. वेष बदलून, मैत्रिणींच्या घरांतून लपतछपत ती पुन्हा कामाला लागायची.

तेव्हा स्कॉटलंड यार्डने एक माणूस कामाला लावला. आर्थर बॅरेट. हा मुळात बातम्यांचे फोटो काढणारा. १९०८ मध्ये लंडनच्या बो स्ट्रीट कोर्टात एमेलिन पँकहर्स्ट आणि त्यांची मुलगी क्रिस्टाबेल आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असताना ह्याने उंच टोपीत कॅमेरा लपवून, टोपीला भोक पाडून त्यांचा फोटो काढला होता. शटरचा आवाज झाकायला तो मोठ्याने खोकला असं सांगतात. म्हणजे लपून फोटो काढण्याचा अनुभव दांडगा. १९१३ मध्ये ह्याला लंडनच्या होलोवे तुरुंगाच्या आवारात, कैद्यांना ने-आण करणाऱ्या एका बंद गाडीत बसवण्यात आलं. त्याच्याकडे लांबून चेहरा टिपणारी ११ इंची रॉस टेलिसेंट्रिक लेन्स होती. तेव्हाच्या मानाने ही अगदी नवी वस्तू. फिरायच्या वेळेला बायका आवारात यायच्या, गोल चकरा मारायच्या, एकमेकींशी बोलायच्या, आणि कोपऱ्यात एक गाडी उभी असायची. तुरुंगात तुरुंगाची गाडी उभी असण्यात वावगं काय?

ते फोटो मी स्क्रीनवर मोठे करून बघितले आहेत. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीकडे आणि नॅशनल आर्काइव्ह्जकडे ते आहेत. हॅट घातलेल्या, कोटाच्या खिशात हात घातलेल्या बायका. कुणी चालता चालता काहीतरी बोलते आहे, कुणी खाली बघते आहे. कॅमेरा आहे हे माहीत नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी एक सैल पडलेली शांतता असते ती सगळ्यांच्या चेहऱ्यावर आहे. लाखो सेल्फी बघून सवय झालेल्या डोळ्यांना ती लगेच कळते. म्हणूनच ते फोटो बघताना मला ओशाळल्यासारखं झालं.

ह्या कथेत एक आपल्याकडचा धागाही आहे. तेव्हा लंडनचे पोलीस कमिशनर होते एडवर्ड हेन्री. ते बंगालमधून गेलेले. बंगालचे पोलीस महानिरीक्षक असताना त्यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघांनी बोटांचे ठसे वर्गवारी लावून ठेवण्याची पद्धत बसवली. दहा बोटांच्या नमुन्यांवरून ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ कप्पे. ठसा आला की गणित करायचं, कप्पा क्रमांक काढायचा आणि थेट त्या कप्प्यात बघायचं. कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्याला हे वाचून हसू येईल, कारण हे सरळसरळ हॅश टेबल आहे, आणि ते १८९७ मध्ये कलकत्त्यात चालू झालं. पद्धत मात्र जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून ओळखली जाते. अझीझुल आणि हेमचंद्र ह्यांचं नाव घ्यायला लोकांना फार वर्षं लागली. माणसांची नोंद ठेवण्याची हत्यारं आधी वसाहतीत घासून बघितली आणि मग राजधानीत आणली.

बॅरेटच्या फोटोंचं पुढे काय झालं? मार्च १९१४ मध्ये मेरी रिचर्डसन नावाची सफ्रजेट लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेली आणि वेलास्केझच्या ‘रोकबी व्हीनस’ चित्रावर तिने धारदार सुऱ्याने वार केले. गॅलरीवाले हादरले. तेव्हा पोलिसांनी असे चोरून काढलेले फोटो एका कागदावर ओळीने लावले, खाली नावं आणि वर्णनं लिहिली आणि ते संग्रहालयांना, चित्रदालनांना वाटले. दारावरच्या माणसाने येणाऱ्या बायकांचे चेहरे ह्या कागदाशी ताडून बघायचे. हेतू काय होता, सुटलेल्या कैद्याला परत पकडायचा. वापर काय झाला, चित्र बघायला येणाऱ्या कुठल्याही बाईकडे संशयाने बघायचा. वर्षाच्या आत.

त्याच कागदांमध्ये एव्हलिन मनेस्टाचा फोटो आहे. तिने एप्रिल १९१३ मध्ये दोन साथीदारांबरोबर मँचेस्टरच्या आर्ट गॅलरीत चित्रांवरच्या काचा फोडल्या होत्या. तुरुंगात तिने फोटोला नकार दिला. त्यामुळे मूळ फोटोत काय दिसतं, तर मागून एका तुरुंग कर्मचाऱ्याचा हात तिच्या गळ्याभोवती आवळलेला आहे, चेहरा कॅमेऱ्याकडे राहावा म्हणून. आणि पोलिसांनी जो फोटो वाटला त्यात तो हात नाही. हाताच्या जागी रंगवून एक रुमालासारखी झालर काढली आहे. चेहरा तोच, आवळलेले ओठ तेच. फक्त ते का आवळले आहेत ते गायब. बघणाऱ्याला वाटावं, बाई स्वभावानेच अशी असेल.

दोन्ही फोटो शिल्लक आहेत, म्हणून हे आपल्याला कळतं.

*

होलोवेच्या गाडीत एक माणूस बसलेला होता. बर्लिनमध्येही गाडीत माणसंच असायची, पण अंधार त्यांना अडवत नव्हता.

पूर्व जर्मनीचं गुप्तचर खातं, श्टाझी, १९५० मध्ये सुरू झालं. १९८९ मध्ये त्याच्याकडे सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती, आणि देशाची लोकसंख्या दीड कोटीच्या थोडी वर. खबऱ्यांची संख्या ह्याच्या दुपटीच्या आसपास. पाठलाग आणि पाळत हे काम आठव्या विभागाचं. कॅमेरे कुठे लपवायचे ह्यात ह्या लोकांची कल्पनाशक्ती अफाट होती: झाडांना पाणी घालायची झारी, पक्ष्यांसाठी टांगलेलं लाकडी घरटं, कोटाचं बटण. बर्लिनमध्ये त्यांच्या मुख्यालयात आता संग्रहालय आहे, आणि तिथे ट्राबांट गाडीचं एक दार ठेवलेलं आहे. ट्राबांट म्हणजे पूर्व जर्मनीतल्या सामान्य माणसाची गाडी. नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबायला लागायचं, आपल्याकडे एके काळी स्कूटरसाठी थांबायचे तसं. बॉडी पत्र्याची नाही, कापसाचा चुरा आणि राळ दाबून केलेल्या प्लास्टिकची. त्या दाराच्या आत इन्फ्रारेड फ्लॅश बसवलेला आहे. रात्री रस्त्याच्या कडेला गाडी उभी, बाजूने माणूस जातो, दारातून फ्लॅश उडतो आणि त्या माणसाला काहीही दिसत नाही. फोटो मात्र निघतो.

माझ्या काचेवरच्या पांढऱ्या चंद्राशी झगडताना हे दार मला सापडलं, आणि खरं सांगतो, पहिली प्रतिक्रिया कौतुकाची होती. दिवा काचेच्या आत ठेवायचाच नाही, दारातच बसवायचा! इंजिनिअरचं मन असं असतं. अडचण दिसते, तोड दिसते, आणि ती तोड कुणी कशासाठी काढली हे नंतर सुचतं.

१५ जानेवारी १९९० रोजी लोक ह्या मुख्यालयात घुसले. आत जे सापडलं ते शेल्फवर ओळीने लावलं तर १११ किलोमीटर भरतं. पुण्याहून साताऱ्याला जाऊ इतकं. १९९२ पासून सामान्य माणसाला स्वतःची फाइल मागून वाचता येऊ लागली. टिमोथी गार्टन ॲश हा ब्रिटिश इतिहासकार तरुणपणी बर्लिनमध्ये राहिला होता. त्याने आपली फाइल वाचली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. पाळत ठेवणाऱ्यांनी त्याला सांकेतिक नाव दिलं होतं, रोमिओ. आपली रोजनिशी काढून तो त्याच दिवसाची फाइलमधली नोंद शेजारी ठेवतो. दिवस एकच, माणूस एकच. पण फाइलमध्ये फक्त येणं, जाणं, थांबणं, भेटणं आहे. का गेला, कुणाची आठवण आली म्हणून थांबला, हे त्या गाडीतल्या माणसांना दिसण्यासारखं नव्हतंच.

तरी ती माणसं होती. ह्या मुद्द्यापाशी मी बराच वेळ अडकलो. बॅरेट त्या गाडीत तासन् तास बसला होता. फोटोच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, कोणती बाई लंगडत होती, कोण हसली, हे त्याने बघितलं होतं. ट्राबांटमधल्या माणसाला थंडी वाजत असणार, त्याला पहाटे झोप अनावर होत असणार. त्यांनी लिहिलं काहीही असो, त्यांच्याकडे विचारायला जाता आलं असतं. पुढे गाडीतून माणूसच काढून टाकला.

त्याची सुरुवात गाडीत झाली नाही, ती आपल्याकडच्या जंगलात शोधायला हवी. एफ. डब्ल्यू. चँपियन हा वनखात्यातला इंग्रज अधिकारी १९२० च्या दशकात उत्तरेत तराईच्या रानात वाघाच्या वाटेवर बारीक तार बांधून ठेवायचा. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा, शटर पडायचं. वाघ आपला फोटो आपणच काढायचा. चँपियन तेव्हा तंबूत झोपलेला. १९२७ मध्ये त्याचं वाघांच्या फोटोंचं पुस्तक आलं, आणि बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन जंगलात जाण्याची एक परंपरा त्यातून उभी राहिली. त्यात वाईट काहीच नाही. वाघाला अब्रू नसते, आणि त्याची नोकरीही जात नाही. पण कल्पना तीच, जी आज प्रत्येक डॅशकॅममध्ये आहे: पहारेकऱ्याने झोपावं, आणि समोर जो हलेल त्यानेच घोडा दाबावा.

आता गाड्या हे कारखान्यातूनच शिकून येतात. टेस्लाने २०१९ मध्ये ‘सेंट्री मोड’ आणला: उभी गाडी चारी बाजूंनी बघत राहते. नेदरलँड्सच्या माहिती संरक्षण यंत्रणेने चौकशी केली, त्यानंतर कंपनीने काही गोष्टी बदलल्या. चित्रण चालू असेल तर गाडीचे दिवे उघडझाप करून जाणाऱ्याला कळवतात, ही त्यातली एक. ह्या यंत्रणेने म्हटलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली: जबाबदारी गाडी बनवणाऱ्याची नाही, गाडीच्या मालकाची.

मालकाची जबाबदारी म्हणजे काय ह्यावर युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला झालेला आहे. चेक प्रजासत्ताकातल्या फ्रांतिशेक रिनेश ह्यांच्या घरावर वर्षानुवर्षं कुणीतरी हल्ले करत होतं, काचा फोडत होतं. २००७ मध्ये त्यांनी वळचणीला कॅमेरा लावला. त्यात त्यांचं दार यायचं, पण समोरचा सार्वजनिक रस्ता आणि समोरच्या घराचं दारही यायचं. ऑक्टोबरमधल्या एका रात्री गलोलीने खिडकी फोडली गेली. चित्रणावरून दोन संशयित सापडले. इथपर्यंत गोष्ट माझ्यासारख्याच्या स्वप्नातली आहे. मग त्यातल्या एका संशयिताने विचारलं, माझं चित्रण करायचा ह्यांना अधिकार काय? २०१४ मध्ये निकाल लागला: कॅमेरा सार्वजनिक जागेकडे बघत असेल तर त्याला निव्वळ घरगुती वापर म्हणता येणार नाही, कायदा लागू होतो. मात्र आपलं घर, आपला जीव वाचवण्याचं कारणही तोलून बघावं, असंही न्यायालयाने म्हटलं. म्हणजे रिनेश गुन्हेगार ठरले नाहीत आणि पूर्ण निर्दोषही ठरले नाहीत. आपल्याकडच्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात व्यक्तीचा खासगी किंवा घरगुती वापर वगळलेला आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली माझी गाडी घरात मोडते का, हा प्रश्न मला क्लिप टाकण्याआधी पडला नव्हता.

*

तर ती क्लिप.

वाकणारा माणूस आमचे रात्रपाळीचे वॉचमन काका होते. वय पंचावन्नच्या आसपास, नांदेडकडचे. मी उशिरा घरी आलो की गेट उघडताना “जेवलात का सर?” विचारायचे. मूळ रेकॉर्डिंग एक मिनिटाचं होतं. ग्रुपवर टाकायला ते मोठं पडत होतं, आणि त्याचा पहिला भाग तसाही नुसता पांढरा होता, कसला तरी उजेड कॅमेऱ्यावर पडून सगळं धुतल्यासारखं झालेलं. शेवटी तर काहीच घडत नव्हतं. म्हणून मी मधले चौदा सेकंद कापून घेतले. खाली लिहिलं: “तीन वेळा हवा काढली गेली आहे. कृपया कमिटीने बघावं.” कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, खाकी शर्ट दिसत होता.

अर्ध्या तासात तीस-चाळीस मेसेज. कुणाची सायकल गेल्या वर्षी चोरीला गेली होती ते निघालं. कुणाला काका मागेच संशयास्पद वाटले होते. ज्यांच्याशी माझी वाजली होती त्या दुसऱ्या मजल्यावरच्यांनी मला अंगठा दाखवला, आणि लाजेची गोष्ट ही की मला ते बरं वाटलं. संध्याकाळी सेक्रेटरींनी एजन्सीला फोन केला. त्या रात्री गेटवर दुसराच माणूस होता. काकांना कुणी काही विचारलं का? मी तरी विचारलं नाही.

आठवड्याने चाक पुन्हा बसलं. गाडी पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने चाक काढून पाण्याच्या टबात फिरवलं, काही नाही. मग व्हॉल्व्हवर थुंकी लावली. एक बारीक बुडबुडा हळूहळू फुगत गेला आणि फुटला. “पिन लीक आहे साहेब. रात्रभरात बसणारच.” पिन बदलली, पन्नास रुपये घेतले.

घरी येऊन मी ते पूर्ण एक मिनिट लावलं. ह्या वेळी आवाज बंद करून, हळू वेगाने. पहिला पांढरा भाग म्हणजे टॉर्च. काका फेरी मारत येतात, टॉर्चचा झोत काचेवरून फिरतो, मग खाली चाकावर स्थिरावतो. तो खाली गेल्यामुळेच चित्र पुन्हा दिसू लागतं, आणि तिथूनच माझे चौदा सेकंद सुरू होतात. ते वाकतात, बॉनेटच्या आड जातात. तिथे त्यांनी काय केलं हे कॅमेऱ्याला दिसलेलंच नाही, तेव्हाही नव्हतं. उठतात. मी जिथे कापलं होतं त्याच्या पुढे ते चार पावलं जाऊन थांबतात आणि वर इमारतीकडे बघतात. तिसऱ्या मजल्याकडे, मला वाटतं. काही क्षण तसेच उभे राहतात. मग मनगटावरच्या घड्याळात बघतात आणि निघून जातात.

मनेस्टाच्या फोटोतला हात रंगवून टाकणाऱ्याला काय वाटलं असेल ह्याचा मी आधी फार तिरस्काराने विचार केला होता. त्याच्या टेबलावर एक फोटो आला, त्यात एक नको असलेली गोष्ट होती, साहेबांनी साफ करायला सांगितली. त्या दिवशीच्या कामातलं ते एक काम असेल. माझ्याकडे तर साहेबही नव्हता. फाइल मोठी पडत होती, एवढंच.

पूर्ण क्लिप मी ग्रुपवर टाकली. व्हॉल्व्हबद्दल लिहिलं, माझी चूक झाली असं लिहिलं, काकांना परत बोलवावं असंही लिहिलं. दोन अंगठे आले. त्याच्या खाली कुणीतरी टँकरचं पाणी किती वाजता येणार ते विचारलं. एजन्सीला फोन केला तर पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, “साइट बदलली त्यांची. नंतर गावाकडे गेले म्हणे. नंबर नाही देता येत.” सोसायटीच्या रजिस्टरमध्ये त्यांचा एक नंबर मिळाला, तो बंद आहे. दर काही दिवसांनी लावून बघतो.

कॅमेरा काढावा असं दोनदा ठरवलं. काढलेला नाही. कारणं आहेत: विम्याला उपयोगी पडतो, मागच्या महिन्यात एका रिक्षाने बंपरला घासलं ते त्याच्यामुळेच कळलं. रात्री अजून क्लिपा जमतात. सावल्या, कुत्री, टेम्पो. नवा वॉचमन विशीतला पोरगा आहे. फेरी मारताना इतर गाड्यांच्या मधून तो सरळ चालत येतो, टॉर्च फिरवत. माझ्या गाडीपाशी आला की टॉर्च बंद करतो आणि चार हात लांबून, भिंतीच्या दुसऱ्या बाजूने वळसा घालून जातो. कार्डावर ते रोज दिसतं, साधारण पावणेतीनला.